सिंधूअक्कांचं घटनास्थळ

बायकोने विरजण आणायला पाठवलं म्हणून मी सकाळी सिंधूअक्कांच्या दारात गेलो. उंबऱ्यावर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज आला, "थांबा! पाय पुढं टाकू नगा! घटनास्थळ हाय!"

मी एक पाय हवेत धरून उभा राहिलो. स्वयंपाकघराच्या फरशीवर दुधाचं पातेलं आडवं पडलं होतं. सांडलेल्या दुधाभोवती पांढऱ्या रांगोळीची रेघ होती, दिवाळीला दारात काढावी इतकी नीट. कोपऱ्यात मांजर होतं आणि त्याच्या मिशांना साय होती. त्याच्यासमोर पाट टाकून अक्का बसल्या होत्या. चष्मा नाकावर, पदर कमरेला.

"कुणी केलं ते मला ठाऊक हाय," त्या मांजराला सांगत होत्या. "त्येचा सवालच न्हाय. का केलंस ते बोल. हेतू काय?"

मांजराने मिशी चाटली.

"बघितलंत दिलीपभाऊ? पुरावा नष्ट करतंय."

विरजण मला अर्ध्या तासाने मिळालं. तोवर मी साक्षीदार म्हणून उंबऱ्याबाहेर उभा होतो.

मी कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की जो आकडा दिसेल तो लिहायचा, कुणी कितीही गोड बोललं तरी. नोकरीमुळे हा स्वभाव झाला की स्वभावामुळे ही नोकरी टिकली, ते आता सांगता येणार नाही. पण अक्कांविषयी इथे जे लिहितोय ते पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. फुगवलेलं काही नाही. अक्कांच्या बाबतीत त्याची गरजही पडत नाही.

भवानीनगरहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. अक्का आमच्या शेजारीण. वय पंचावन्नच्या पुढे. नक्की किती ते विचारलं तर शाळेच्या दाखल्यावर एक सापडतं आणि त्यांची आई सांगायची ते दुसरं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली, एक पुण्यात आणि एक साताऱ्याकडे. ऊस वाट्याने दिलेला. मागे राहिलं ते मोठं घर, मांजर आणि अक्का.

धाकटीचं लग्न झालं आणि अक्कांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली. आम्हाला वाटलं, हौस झाली. पण निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एसटीने बारामतीला गेल्या आणि कॉलेजच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता, मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र, दोन्ही एकत्र.

खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "मुलीचं ॲडमिशन का मावशी?"

"मुलगी दोन पोरांची आई हाय. माझं!"

"कोणता विषय? दोन्हीतला एकच घ्या, सोपं जाईल. मराठी घ्या की."

"एका बैलानं औत चाललंय का कदी?" अक्का म्हणाल्या. "कुणी केलं ते एक शास्त्र सांगतं, का केलं ते दुसरं. निस्तं एकच घेऊन मी काय करू? गुन्हेगार हातात यायचा आन् माणूस हातचा जायचा!"

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, असंही त्या सांगतात. टाळ्यांचं मी तपासलेलं नाही.

मीसुद्धा एकदा विचारलं होतं, "अक्का, या वयात दोन-दोन अवघड विषय कशाला?" त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "घरात बोलायला दोन माणसं पायजेत, म्हून दोन इषय घेतलं. एकाचा कंटाळा आला की दुसऱ्याशी बोलते." आणि स्वतःच इतक्या मोठ्याने हसल्या की मीही हसलो.

पहिल्या वर्षी मानसशास्त्राने वस्तीचा ताबा घेतला. प्रयोगाला माणसं लागत आणि हाकेच्या अंतरावर आम्हीच होतो. एका रविवारी अक्का शाईचे डाग पाडलेले कागद घेऊन आल्या. डागात काय दिसतं ते सांगायचं, बाकी विचार करायचा नाही.

मी पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. "कागदावर शाई सांडलेली आहे."

"आवो, त्यात काय दिसतंय?"

"निष्काळजीपणा."

अक्कांनी कपाळाला हात लावला आणि कागद माझ्या बायकोपुढे, मंगलपुढे धरला. मंगलने क्षणभरही वेळ घेतला नाही. "ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. हे त्यांचं नाक. आन् हे बघा, हितं त्या माझ्या पाटल्यांकडं बघत्यात."

"निष्कर्ष," अक्का चष्मा सावरत म्हणाल्या, "दिलीपभाऊ निर्दोष. मंगल संशयित."

मंगलला ते इतकं आवडलं की तिने आठवडाभर प्रत्येकाला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी गुन्हेगारीशास्त्र जोरात आलं. कुणीही दारात आलं की पाण्याच्या तांब्याबरोबर प्रश्न यायचा, "काल दुपारी कुठं हुतास?" डोळे कुठे वळतात, हात कुठे जातो, पायाचा अंगठा जमीन टोकरतो का, सगळं बघायच्या. पाव्हणे चहा येईपर्यंत हात मांडीवर सरळ ठेवू लागले. त्यांची तीन वाक्यं आमच्या वस्तीत म्हणींसारखी झाली. पहिलं, "हेतू काय?" दुसरं, "निष्कर्षाची घाई न्हाय." आणि तिसरं बोट वर करून म्हणायचं, "गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच!" मांजर दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्याशी सापडलं तेव्हा अक्कांना झालेला आनंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

कॉलेजात पोरं त्यांना अक्का मॅडम म्हणत. अक्का डब्यात ठेचा आणि चार भाकऱ्या जास्त नेत, पोरं त्यांना फोनमधून नोट्स काढून देत. परीक्षेत 'गुन्ह्याची कारणे' यावर त्यांनी पुरवणीमागून पुरवणी लावली आणि आपल्या भावकीतलीच उदाहरणं दिली. शिकवणाऱ्या मॅडमनी शेरा लिहिला, "उत्तर चांगले. नावे गाळावीत."

अशा अक्कांच्या तिसऱ्या वर्षात आमच्या वस्तीवर खरा गुन्हा घडला.

गळीत हंगाम चालू होता. माझी पाळी पहाटे चार ते दुपारी बारा, त्यामुळे दुपारी मी घरी असे. बाकीचे रानात. एका संध्याकाळी शालन ओरडत आली. शालन म्हणजे पलीकडच्या संपतची बायको. "अक्का! माझी शेळी चोरीला गेली वो!"

अक्का पुस्तक टाकून उठल्या. "कधी?"

"दुपारी. मी रानातनं येऊन बघते तर दाव्याला शेळी न्हाय."

"आन् आता?"

"आता हाय की."

"आं?"

"परत आली. कुणीतरी आणून बांधली. पोट बघा तिचं, नगाऱ्यावानी फुगलंय!"

अक्कांचा चेहरा मी पाहत होतो. लग्नात वाजंत्री सुरू झाल्यावर लहान मुलांचा होतो तसा झाला. "दिलीपभाऊ," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापत होता, "केस हाय! खरीखुरी केस!"

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प लिहायचा होता. स्वतः पाहिलेल्या एका घटनेचा तपास, दोन्ही शास्त्रं वापरून. अक्का कधीपासून घटना शोधत होत्या. आता ती चालत दारात आली होती आणि पोट भरून आली होती.

पुढच्या आठवड्यात शालनची शेळी पुन्हा गेली आणि आली. मग शेजारच्या दोन गेल्या आणि आल्या. कधी एका दारची, कधी दुसऱ्या दारची. चोर दुपारी यायचा, संध्याकाळच्या आत जनावर जागेवर बांधून जायचा. दूध काढलेलं नसायचं, दावं तुटलेलं नसायचं. गाठ मात्र आधीच्यापेक्षा चांगली असायची.

अक्कांनी तपास उघडला. खुंट्याभोवती रांगोळी पडली. शेळीच्या अंगावरचे काटे चिमट्याने काढून कागदात बांधले गेले. लेंड्या फोडून पाहिल्या गेल्या आणि त्यात बाभळीच्या शेंगांचं बी निघालं. "कालव्याच्या वरल्या अंगाला बाभळी हायत्या," अक्का म्हणाल्या. "आरोपी शेळीला तिकडं नेतो. कशाला? हेतू काय?"

मला त्यांनी शेळीचं वजन करायला लावलं. पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर शेळी चढवली. ती दोन पायांवर उभी राहायची, मान हलवायची, दुकानदाराचं पोतं ओढायची. काट्याचा आकडा एका जागी थांबेना.

"ल्हिवा की अंदाजानं!" अक्का म्हणाल्या.

"अंदाजाने मी उसाची मोळीसुद्धा लिहीत नाही, अक्का. शेळी घटलेली नाही, एवढं खात्रीने सांगतो. त्यापुढे नाही."

"बरं, तेवढंच ल्हिवा. सही करा."

मी सही केली.

संशयितांत पहिला होता भिगवणहून मोटारसायकलीवर मासळी विकायला येणारा. परका माणूस, दुपारची वेळ, वस्तीची माहिती. अक्कांनी त्याला बाजेवर बसवलं.

"मंगळवारी दुपारी कुठं हुतास?"

"मासळी इकत हुतो, अक्का."

"पुरावा?"

"तुमीच न्हाय का चिलापी घेतली? वर म्हणलासा, डोळं बघू दे, ताजी हाय का."

अक्कांनी त्याला सोडून दिलं. जाताना चहा दिला. पण उदास झाल्या नाहीत. "निर्दोष माणूस सुटला ह्येबी शास्त्रच हाय," म्हणाल्या.

मग त्या साक्षीदाराकडे वळल्या. आमच्या वस्तीवर साक्षीदार एकच, बिरूआबा. अक्कांच्या घरासमोर लिंबाखाली कट्टा आहे, तिथे आबा दिवसभर घोंगड्यावर बसलेले असत, हातात फांद्या ओढायची लांब आकडी. एके काळी त्यांचा मोठा वाडगा होता, मेंढरं आणि शेळ्या. पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणात उतरायचे. दोन वर्षांपूर्वी ते बांधावरून घसरून पडले, गुडघा दुखावला आणि मुलाने कळप विकून टाकला. मुलगा महादेव चिंचवडला असतो, चौथ्या मजल्यावर. स्वभावाने वाईट नाही. काळजीने बोलतो. पण सगळ्या वस्तीला त्याने बजावून ठेवलं होतं, "आबांचं काय बी कमी-जास्त ऐकलं की मी त्यांना घेऊन जाणार. मग माझं ऐकायचं, तुमचं न्हाय." आबा एकदा तिथे राहून आले होते. परत आल्यावर एवढंच म्हणाले होते, "वर चढल्यावर खाली बघाय काय न्हाय, आन् खाली उतराय कुणी देत न्हाय."

"आबा," अक्कांनी विचारलं, "तुमी तर हितंच असता. कोण शेळ्या सोडताना दिसलं का?"

"न्हाय बा." आबांनी आकडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला लांबचं दिसत न्हाय आता."

"आन् जवळचं?"

"जवळ कोण येतंय?"

अक्कांनी हे वाक्य उतरवून घेतलं नाही.

इकडे संपतचा धीर सुटला. "अक्का, तुजं शास्त्र ऱ्हाऊ दे. रविवारी बिरोबाच्या देवळात समद्यांनी भंडारा उचलायचा. ज्येचा हात थरथरंल त्यो चोर!"

देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, उचलून खोटं बोलायचं धाडस आमच्याकडे कुणी करत नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोलून आलेला माणूसही भंडाऱ्यापुढे खरं बोलतो. आणि जो पकडला जातो त्याचं नाव पुढच्या पिढीपर्यंत पुसत नाही.

"भीती दाखवून काढलेला जबाब धरत न्हाईत!" अक्का उसळल्या. "मला रविवारपातूर येळ दे. चोर न्हाय दिला तर खुशाल उचला भंडारा."

"दिलीस येळ. पण न्हाय घावला तर तुज्या डिगरीची मी वरात काढतो बघ!"

शुक्रवारी दुपारी अक्का माझ्या दारात आल्या. डोक्याला टॉवेल, हातात पाण्याची बाटली. "चला. पाळत ठेवायची. शास्त्रात एक निरीक्षक पुरत न्हाय, दोन लागत्यात."

कालव्याच्या भरावाखाली पाचटाचा ढीग होता. त्याच्याआड आम्ही बसलो. माझ्या वयाच्या माणसाने, घरचा कर्ता असून, पाचटात लपून बसावं का, असं मला पहिली पाच मिनिटं वाटलं. नंतर वाटेनासं झालं. छाती धडधडत होती. शेवटची तशी कधी धडधडली होती ते आठवत नव्हतं. पाचट पाठीला टोचत होतं आणि अक्का कानाशी कुजबुजत होत्या, "हलू नगा. श्वास हळू घ्या. शिंक आली तर गिळा."

आणि मग घंटा वाजली, शेळीच्या गळ्यातली.

भरावावरून चार शेळ्या आल्या, शालनची पुढे. त्यांच्या मागे, खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा, बिरूआबा चालत होते. लिंबाखाली बसणारे आबा मला माहीत होते. उठताना दोन्ही हात गुडघ्यावर ठेवणारे. हे आबा ताठ होते. त्यांनी जिभेने टाळूवर टक् केलं, आणि चारही शेळ्या एकदम थांबल्या. आकडीने बाभळीची फांदी खाली ओढली, झटका दिला, शेंगा पडल्या. शेळ्या तुटून पडल्या.

"दमानं गं, दमानं," आबा म्हणाले. "ए काळे, तू मागं व्हय, बारकीला खाऊ दी. तुजी आय अशी न्हवती."

शालनच्या शेळीची आई आबांनी पाहिली असण्याचा संभव नव्हता, ती शेळी बाजारातली होती. आबा त्यांच्या विकलेल्या शेळ्यांच्या नावांनी या शेळ्यांना हाका मारत होते. मोरी, काळी, चांदी, बारकी. आणि या शेळ्या ओ देत होत्या.

"अक्का!" मी कुजबुजलो. "सापडला! केस सुटली! चला!"

अक्का हलल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, परत घातला, परत काढला. आबा आता बाभळीखाली बसले होते आणि एक शेळी त्यांच्या खांद्याला अंग घाशीत होती.

"दिलीपभाऊ," अक्का हळूच म्हणाल्या, "हेतू कळला."

"मग झालं तर!"

"झालं. आता कुणी केलं ते इसरायचं."

आणि पाचटामागून वाकत, घंटेपासून लांबच्या वाटेने त्या मला घरी घेऊन आल्या.

रविवारी देवळापुढे सगळी वस्ती जमली. भंडाऱ्याचं ताट मधोमध ठेवलेलं. संपतने चिंचवडला फोन करून महादेवलाही बोलावलं होतं, घरटी एक तरी कर्ता माणूस हवा म्हणून. आणि सगळ्यांच्या पुढे, धुतलेलं धोतर नेसून, बिरूआबा बसले होते. कुणाकडे बघत नव्हते. भंडाऱ्यावर हात ठेवून हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला दिसत होतं. तो खरं बोलणार होता, आणि संध्याकाळी महादेवच्या गाडीत बसून जाणार होता.

"हं अक्का," संपत म्हणाला. "घावला का चोर?"

अक्का उठल्या. भंडाऱ्याच्या ताटापासून त्या चांगल्या चार हात लांब उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे. हे फक्त माझ्या लक्षात आलं असावं.

"न्हाय घावला."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "तीन वर्सं एसटीचा पास काढून ह्येच शिकलीस व्हय?" कुणी म्हणालं, "मांजराला इचारायचं हुतं!" अक्का मान ताठ ठेवून उभ्या होत्या. ज्या बाईला निष्कर्ष सांगताना मी कायम बोट वर करताना पाहिलं होतं, तिचे हात पाठीमागेच होते.

"दिलीपराव, तुमी हुता न्हवं हिच्या संगट?" संपत माझ्याकडे वळला. "तुमी तरी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाईसा."

"मी काट्यावरचा माणूस," मी म्हणालो. "मला वजनाचं विचारा."

"वजनाचंच सांगा!" अक्का एकदम बोलल्या. "शेळी घटली का?"

"घटलेली नाही. तसं लिहून सही केली आहे."

"ऐकलंत? आता कायदा ऐका. चोरी म्हंजी दुसऱ्याचं ते लबाडीच्या इराद्यानं नेणं. हितं तसा इरादा कुठं हाय? शेळी संध्याकाळी दाव्याला हाय, पोट भरलंय, अंगावरच्या गोचड्या गेल्यात. शालन, दूध कमी झालं का वाढलं? भंडाऱ्याकडं बघून सांग."

शालनने भंडाऱ्याकडे पाहिलं. "वाढलं," ती बारीक आवाजात म्हणाली.

"मंग फिर्याद कशाची? दूध वाढल्याची?"

आता हशा संपतकडे वळला. तो चिडला. "ते काय बी असू दे! भंडारा ठरलाय, उचलायचाच!"

"उचलू की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण देवाला एका सवालासाठी कशाला तरास द्यायचा? समदे जमलोच हाय. गेल्या पाण्याच्या पाळीला, पाणी दुसऱ्याचं असताना, कालव्याचं दार कुणी उचललं, चोरून पायप कुणी टाकला, तेबी इचारू. एकेकानं या, भंडारा उचला, दोन्ही सवालांची उत्तरं द्या. संपत, तू पयला ये."

पाण्याच्या पाळीत कालव्याला हात न लावलेला माणूस आमच्या वस्तीवर शोधावा लागेल. एकाला जनावराला पाणी पाजायचं आठवलं. दुसऱ्याच्या घरी पाव्हणे येणार होते. संपत म्हणाला, "जाऊ द्या, शेळी घावलीया न्हवं." पुजाऱ्याने ताट उचलून आत नेलं. महादेवने घड्याळ पाहिलं, वडिलांच्या पाया पडला आणि ट्राफिक लागायच्या आत निघतो म्हणाला.

आबा तिथेच बसून होते. अक्का त्यांच्यासमोरून सरळ घराकडे गेल्या.

संपतने डिग्रीची वरात काढली नाही, पण महिनाभर अक्का एसटीत चढल्या की कुणीतरी म्हणायचं, "अक्का, खाली शेळी बघा, कुणी न्हेतंय का!" अक्का हसायच्या. प्रकल्प त्यांनी मांजरावर लिहिला. बाभळीच्या बियांची पुडी, काटे, माझ्या सहीचा कागद, सगळं चुलीत गेलं. मॅडमनी शेरा दिला की विषय फार साधा आहे, तुमच्याकडून अधिक अपेक्षा होती, पण हेतूचा भाग सुंदर लिहिला आहे. पदवी मिळाली. आता त्या पुढच्या वर्गाला आहेत, विषय तेच दोन.

निकालानंतरच्या आठवडी बाजारातून अक्का दोन शेळ्या घेऊन आल्या. आम्ही चकित झालो. "शेळीचा वास मला सोसत न्हाय," असं त्या मला आठवतं तेव्हापासून म्हणत आल्या आहेत. खुंटा त्यांनी लिंबाच्या बाजूला ठोकला, कट्ट्यापासून हाताच्या अंतरावर. शेळ्या बांधताना मी होतो. गाठ पाहिली आणि म्हणालो, "अक्का, ही सैल आहे. ओढली की सुटेल."

"मला घट्ट बांधता येत न्हाय," त्या म्हणाल्या. आयुष्यभर उसाच्या मोळ्या बांधलेली बाई.

परवा मंगलने पुन्हा विरजण आणायला पाठवलं. ऊन उतरत आलं होतं. लिंबाखालचा खुंटा मोकळा होता आणि कट्टाही. कट्ट्यावर बशीने झाकलेला चहाचा कप होता. मी आत गेलो. अक्का दाराकडे पाठ करून पुस्तक उघडून बसल्या होत्या.

"अक्का, शेळ्या कुठं?"

"चोरीला गेल्यात."

"कधी येतील?"

"येतील इतक्यात." मग पुस्तकात बघतच, "आज जरा उशीर झालाय. गुडघा दुखत आसंल."

विरजणाचं भांडं घेऊन मी उभा होतो. त्या उठल्या नाहीत. पान उलटलं नाही. घरात मांजर होतं, ते आणि अक्का एकाच दिशेला कान लावून बसले होते.

बाहेर घंटा वाजली. मग दुसरी. आकडी कट्ट्याला टेकवल्याचा आवाज झाला. बशी वाजली, आणि चहा भुरकल्याचा लांब, निवांत आवाज आला. अक्कांचे खांदे खाली आले. दाराकडे न वळता त्यांनी एक बोट वर केलं.

"गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच," त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि मग नेहमीच्या आवाजात, "आणा ते भांडं. घट्ट इरजण देते आज."

मी विरजण घेतलं आणि मागच्या दाराने घरी आलो. पुढच्या दाराने गेलो असतो तर साक्षीदार झालो असतो.